दोनदा थापटलं की सोडायचं

माझ्या ज्युडोच्या वर्गात नाव घालायला येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला मी एक कागद द्यायची. वहीतलं फाडलेलं पान. त्यावर नाव, वय, पत्ता आणि खाली एकच प्रश्न: का शिकायचंय? लहान मुलांना हा प्रश्न नसे. मुलं येतात कारण आई पाठवते, आणि आई पाठवते कारण शेजारचा बंटी जातो. पण चाळिशी ओलांडलेला माणूस संध्याकाळी सहाला घरचा चहा सोडून दुसऱ्याकडून आपटून घ्यायला येतो, तेव्हा त्याला काहीतरी झालेलं असतं. ते काय, हे मला आधी कळायला हवं असे.

दांडिया बाजारातल्या एका मराठी शाळेत मी खेळाची बाई होते. शाळा सुटली की तिथल्याच हॉलमध्ये काथ्याच्या गाद्या पसरायच्या, वर ताडपत्री ताणायची आणि आठवड्यातून तीन दिवस मोठ्यांचा वर्ग घ्यायचा, असं सव्वीस वर्षं केलं. घरी आम्ही अस्सल मराठी, पण बडोद्यात राहून बेन व्हायचं कुणाला चुकलंय? मला सगळे विजयाबेन म्हणत. त्या सगळ्या वर्षांत पहिल्याच दिवशी खरं कारण लिहिणारा एकही माणूस मला भेटला नाही. सगळ्यांचं आपलं 'तब्येत', 'फिटनेस', नाहीतर 'आत्मसंरक्षण'.

देसाईभाई 'तब्येत' लिहून आले होते. त्यांच्या कंपनीनं नव्या धोरणात शेकडो माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली, त्यातले ते एक. खरं कारण दोन महिन्यांनी बाहेर आलं. तीस वर्षं कंपनीची बस त्यांना साडेपाचला नाक्यावर सोडायची. "साडेपाचनंतर कुठूनतरी दमून घरी यायला हवं ना, बेन," ते म्हणाले. अकोट्याच्या एका बाईंनी 'आत्मसंरक्षण' लिहिलं होतं. त्यांचं संरक्षण कुणापासून म्हणाल, तर घरातल्या हाकांपासून. गादीवर असताना तासभर कुणी त्यांना हाक मारत नसे.

आणि एक पटेलभाई होते. अमेरिकेत साडूच्या मोटेलवर कामाला निघालेले, विमान पंचवीस दिवसांवर. तिकडे काउंटरवर पिस्तूल दाखवून लुटतात असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. "बेन, पच्चीस दिवसमां केटलुं शिखाशे?" मी म्हटलं, "पडायला शिकाल." ते हिरमुसले. पंचवीस दिवस मी त्यांना नुसतं पाडलं. दोन वर्षांनी तिकडून फोन आला. पिस्तूलवाला कुणी आलाच नव्हता, पण मोटेलसमोरच्या बर्फावर साडू आणि हे एकदमच घसरले. साडूचं मनगट मोडलं आणि पटेलभाई खांद्यावरून गोल जाऊन उठून उभे. फोनवर ते इतके खूश होते की साडूची चौकशी करायचं मला सुचलं नाही.

हसू येतं, पण माझा स्वतःचा कागद असता तर मीही खोटंच लिहिलं असतं. एकतिसाव्या वर्षी मी ज्युडो शिकायला लागले. लोकांना सांगायची, शाळेनं पाठवलं. का पाठवलं, ते गिळायची. आम्ही शिर्के. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, पण घरातल्या सगळ्यांची लवकर हात उचलायची सवय राहिली आणि तिला आम्ही बाणेदारपणा म्हणत आलो. सातवीतल्या एका मुलीनं कवायतीत ओळ मोडली म्हणून मी तिच्या कानाखाली वाजवली आणि तिच्या कानातून रक्त आलं. मुलगी बरी झाली. तिचे वडील उलट मलाच म्हणाले, "मारलंत ते बरं केलंत, बेन." ते ऐकून मला माझ्या हाताची जास्तच भीती वाटायला लागली. ज्युडोत ठोसा नाही, लाथ नाही, मारायची परवानगीच नाही. समोरच्याला दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. माझ्या हातांना असंच काहीतरी काम हवं होतं.

ज्यांनी ज्युडो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी पडायला शिकायचं, मग पाडायला, आणि मग पडलेल्याला जमिनीवर धरून ठेवायला. ह्या शेवटच्याला आम्ही पकड म्हणतो. पकडीत जोर कमी लागतो, वजन कुठे टाकायचं ते कळावं लागतं. आणि ह्या सगळ्याच्या वर एक नियम आहे. पकडीत सापडलेल्याला सहन होईना की त्यानं हातानं दोनदा थापटायचं, समोरच्याच्या अंगावर नाहीतर गादीवर. दोनदा थापटलं की सोडायचं. का, कशाला, खरंच दुखतंय का, काही विचारायचं नाही. एक आकडा मोजण्याइतका उशीर चालत नाही. थापटण्याचा हक्क ज्याला धरलंय त्याचाच, बाहेरून दुसऱ्या कुणी थापटून भागत नाही. शिकत असताना एकदा रागाच्या भरात मी समोरच्या मुलीला अर्धा श्वास उशिरा सोडलं. माझ्या गुरूंनी महिनाभर मला गादीवर पाय ठेवू दिला नाही. "ज्याला सोडता येत नाही त्याला मी धरायला शिकवत नाही," एवढंच म्हणाले.

रघुनाथ साळवी माझ्याकडे आले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, राहायला तरसालीला. वय बावन्न, काटकुळे, शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. कागदावर लिहिलं, 'तब्येत'.

"मला फक्त धरायचं शिकवा," ते म्हणाले. "पाडायचं नको."

"असं अर्धं शिकवत नाही मी. आणि नुसतं धरायचंच का?"

"लिहिलंय ना वरती, बेन."

शिकायला चिकाटीचे. एक दिवस चुकवला नाही. पण त्यांचे प्रश्न माझ्या कानाला खटकायला लागले. धरल्यावर वळ उठतात का? कुठे धरलं तर उठत नाहीत? समोरचं माणूस ओरडत असेल तर काय करायचं? किती वेळ धरून ठेवता येतं? इतर लोक विचारायचे, सुटायचं कसं. सुटण्याबद्दल ह्या माणसानं कधी विचारलं नाही. एकदा सराव करताना त्यांची बाही वर सरकली आणि मला मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे ओरखडे दिसले. काही जुने, काही ताजे. माझं डोकं तापलं. बाईच्या जातीला ओरखडे बघून जे पहिल्यांदा सुचतं तेच मला सुचलं, आणि एकदा सुचल्यावर त्यांचं सगळंच मला तसं दिसायला लागलं. काविळीनं डोळे भरले की जग पिवळं दिसतं म्हणतात ना, त्यातली गत.

मग तो बुधवार आला. साळवींच्या जोडीला देसाईभाई होते. साळवींनी त्यांना मागून धरलं. देसाईभाईंनी दोनदा थापटलं. साळवींनी सोडलं नाही. देसाईभाईंनी पुन्हा थापटलं, जोरात. साळवींचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. मी धावत जवळ गेले तर ऐकू आलं, ते हळूहळू पुटपुटत होते, "झालं, झालं, आता झालं."

मी त्यांच्या कॉलरला धरून त्यांना मागे ओढलं. माझा हात उठलाही होता. तो मी आवरला, पण तोंड आवरलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"कुणाचे वळ लपवायचेत साळवी तुम्हाला? बायकोला दाबून ठेवायचा सराव माझ्या गादीवर चालणार नाही. उद्यापासून यायचं नाही."

वर्गातली चौदा माणसं बघत होती. साळवींनी तोंड उघडलं, देसाईभाईंकडे पाहिलं आणि मिटलं. कमरेचा पट्टा सोडला, त्याची नीट घडी घालून गादीच्या कडेला ठेवली, गादीला वाकून नमस्कार केला आणि गेले. नाही म्हणाले नाहीत, म्हणजे कबूलच झालं, असं मी धरून चालले. पुढचे तीन महिने हा किस्सा मी शिक्षकांच्या खोलीत किती जणींना सांगितला असेल त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी माझी वाक्यं थोडी जास्त धारदार व्हायची.

जानेवारीत, उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, चार दिवसांवर असताना, मधल्या सुट्टीत एक बाई मला शोधत खेळाच्या खोलीत आल्या. "मी साळवींच्या घरून. सुलभा." मी लगेच दार लोटून घेतलं, लेझमांचा ढीग बाजूला सारून त्यांना बाकावर बसवलं.

"घाबरू नका," मी म्हटलं. "इथे तुम्हाला कुणी काही करू शकत नाही."

"मला कोण काय करणार?" त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी कापडाची एक गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. जुन्या साडीची रुंद पट्टी, धुऊन धुऊन मऊ झालेली. "तुम्ही ह्यांना काढलंत तेव्हापासून आम्ही नंदूला ह्यानं बांधतो. सुती आहे. तरी वळ उठतात हो."

नंदू म्हणजे त्यांचा मुलगा. तेवीस वर्षांचा, सहा फूट उंच, वजनानं साळवींच्या दीडपट आणि समज तीन वर्षांच्या पोराची. बोलणं चार-पाच शब्दांचं. आवाज वाढला की त्याला सोसत नसे. कुकरची शिट्टी चालायची, पण फटाके, लाउडस्पीकर, वरातीचा बँड सुरू झाला की तो उठून भिंतीवर डोकं आपटायचा. दुसऱ्या कुणाला बोट लावायचा नाही. साळवी मधे पडत म्हणून त्यांच्या हातांवर ते ओरखडे. मुलाला न दुखवता धरता यावं आणि तो शांत होईपर्यंत धरून ठेवता यावं, एवढ्यासाठी बावन्नाव्या वर्षी ते माझ्याकडे येत होते. आणि 'झालं, झालं' हे ते नंदूच्या कानात म्हणायचे. त्या बुधवारी डोळे मिटल्यावर त्यांना देसाईभाई दिसतच नव्हते.

"मग बोलले का नाहीत?" मी विचारलं.

"धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं. पोराचं आम्ही तिकडच्यांना सांगितलं नव्हतं, आमचंही चुकलंच. देसाईभाई त्या मंडळींच्या शेजारचे. त्यांच्यादेखत काय सांगणार?" मग त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात ते गेलंच तिकडे. बायकोला मारणाऱ्याची मुलगी नको म्हणाले. मोडलं."

त्या रागावल्यासुद्धा नव्हत्या, तेच मला जास्त लागलं. त्या एका कामासाठी आल्या होत्या. गेल्या उत्तरायणाला नंदूचं कपाळ फुटून टाके पडले होते आणि त्याच्या ओरडण्यानं सोसायटी गोळा झाली होती. ह्या वर्षी पुन्हा तसं झालं तर मुलाला कुठेतरी ठेवा नाहीतर घर सोडा, असं सोसायटीनं सांगितलं होतं. साळवींचे थोरले भाऊ तर पुढे जाऊन त्याला संस्थेत ठेवायचे कागद भरून बसले होते. उत्तरायणाला ते स्वतः येऊन बसणार होते, आणि काही झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी नंदूला घेऊन जाणार होते.

"चार दिवसांत काही होईल का?" सुलभाताईंनी विचारलं.

त्याच संध्याकाळी मी स्कूटरवर दोन गाद्या बांधून तरसालीला गेले. दार साळवींनी उघडलं. माफी मागायची असं वाटभर घोकत आले होते. "तुमचा पट्टा आणलाय," एवढंच म्हटलं. त्यांनी तो घेतला आणि कमरेला बांधायला लागले. पँट-शर्टावरच.

नंदू जमिनीवर वाट्या लहान-मोठ्या लावत बसला होता. आम्ही दोघं त्याच्यासमोरच सराव करायला लागलो. पालथं कधी घालायचं नाही, छातीवर भार द्यायचा नाही, मानेला हात लावायचा नाही, त्याला श्वास मोकळा हवा. मागे बसायचं, पाय दोन्ही बाजूंनी, हात त्याच्या काखेतून पुढे, आणि आपलं डोकं एका बाजूला. आणि नियम तोच. मी साळवींना धरायची, ते दोनदा थापटायचे, मी सोडायची. मग ते मला. तिसऱ्या-चौथ्या वेळी नंदू हसला. वाटीवर त्यानं दोनदा थापटलं आणि आमच्याकडे पाहिलं. सुलभाताई दुधाचा ग्लास घेऊन आल्या तर त्यानं त्यांच्या मनगटावर दोनदा थापटलं.

"सोडा," मी म्हटलं.

"अहो, दूध आहे."

"सोडा म्हणते ना."

त्यांनी ग्लास सोडला. दूध सगळ्या फरशीवर गेलं आणि नंदू टाळ्या पिटायला लागला. तेवीस वर्षांत ह्या मुलाला जगातली एकही गोष्ट थांबवता आली नव्हती. साळवी कोपऱ्यात तोंड फिरवून उभे राहिले. पुढचे तीन दिवस तो घरभर थापटत हिंडत होता आणि घरातली माणसं हातातलं सोडत होती.

उत्तरायणाच्या दिवशी मी सकाळपासून तिथे होते. भाऊसाहेब, म्हणजे ते थोरले भाऊ, पिशवी पायाशी ठेवून खुर्चीत बसले होते. माणूस दुष्ट नव्हता, थकलेला होता. खिडक्या बंद, भिंतींना गाद्या टेकवलेल्या, नंदूच्या कानांत कापूस. गच्च्यांवर स्पीकर, पुंग्या, पतंग कापला की 'काप्यो छे'च्या आरोळ्या. दुपारपर्यंत नंदू आपला वाट्या लावत डुलत राहिला. चार वाजता डुलणं वाढलं. पाच वाजता वाट्या थांबल्या. सूर्य कलला तसे फटाके सुरू झाले आणि कुणीतरी आमच्या डोक्यावरच्या गच्चीत मोठी माळ लावली.

नंदू उठला. भिंतींना आम्ही गाद्या लावल्या होत्या, पण दाराची चौकट राहून गेली होती आणि तो नेमका तिथेच गेला. पहिल्या आपटण्याला जुना टाक्यांचा व्रण उघडला. दुसरं आपटणं होण्याआधी साळवींनी त्याला मागून कवेत घेतलं आणि दोघं खाली बसले, मी शिकवलं होतं तसे. नंदू ओरडत होता. तो आवाज मी विसरलेले नाही. दारावर थापा पडायला लागल्या, बाहेरून सेक्रेटरी "साळवीभाई, खोलो" म्हणत होते. भाऊसाहेब उठले.

"बसा," मी म्हटलं.

"बाई, अजून काय बघायचंय? रक्त आलंय."

"बसा म्हणते ना."

साळवी त्याच्या कानाशी बोलत होते, झालं, झालं, आता झालं. माझी नजर नंदूच्या उजव्या हातावर. तो हात वडिलांच्या दंडावर ओरबाडत होता. मग थांबला. मग उचलला गेला आणि दोनदा पडला. थापटलं की नुसताच पडला, ते तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

"सोडा," मी म्हटलं.

साळवींनी डोळे उघडले. "परत जाईल तो, बेन."

"जाऊ दे. त्यानं मागितलंय. सोडा."

"अहो, वरती फटाके चालू आहेत. उद्या नेतील त्याला."

"साळवी, दोनदा झालं. सोडा."

मनात मी मोजत होते. पाच आकडे लागले त्यांना. मग एकेक हात मोकळा केला. नंदू बसून राहिला. मग उठला आणि सरळ चौकटीकडे गेला. सुलभाताईंनी पदर तोंडात धरला. मला वाटलं, संपलं, मी दुसऱ्यांदा ह्यांचं घर मोडलं. नंदूनं चौकटीला हात लावला. वरती पुन्हा माळ लागली. तो वळला, तसाच परत आला, वडिलांच्या दोन गुडघ्यांच्या मधे पाठ करून बसला आणि त्यांचे दोन्ही हात ओढून त्यानं आपल्या छातीवर घेतले.

थोड्या वेळानं थापटलं. साळवींनी लगेच सोडलं. तो दारापर्यंत गेला, पुन्हा येऊन बसला. फटाके थांबेपर्यंत त्यानं अकरा वेळा थापटलं आणि अकरा वेळा स्वतःहून परत आला. सुलभाताईंनी दार किलकिलं करून सेक्रेटरींना तिळाचा लाडू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब पिशवी घेऊन एकटेच गेले.

त्यानंतर बारा वर्षं दर शनिवारी साळवी बापलेक माझ्या गादीवर आले. मोठ्यांच्या वर्गात नंदूला कुणी हसलं नाही. देसाईभाई तर मुद्दाम त्याच्याकडून पकड लावून घ्यायचे. धाकटीचं लग्न दोन वर्षांनी दुसऱ्या घरी झालं, सगळं आधी सांगून. मोडलेल्या लग्नाबद्दल साळवी मला कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि तो बोजा माझ्यावरून अजून उतरलेला नाही. नव्या लोकांना कागद मी देत राहिले, पण त्यांनी लिहिलेलं न वाचता ठेवायला लागले. जे काय असेल ते त्यांच्या सवडीनं सांगतील.

साळवी गेले ते निवृत्तीनंतर काही वर्षांनी. पहाटे, झोपेत. आठ वाजता सुलभाताईंचा फोन आला. "बेन, हे गेले. आणि नंदू सोडत नाहीये."

मी पोचले तर अंगणात तिरडी बांधून तयार होती आणि आत माणसं दाटली होती. भिंतीला टेकून नंदू बसला होता. पस्तीस वर्षांचा, दाढीत एखाददुसरा पांढरा केस. त्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे साळवी, पाठ त्याच्या छातीला, आणि नंदूचे हात त्यांच्या काखेतून पुढे घट्ट जुळलेले. डोकं एका बाजूला. पकड अगदी बिनचूक होती. नंदू त्यांच्या कानाशी म्हणत होता, "झालं, झालं." चार भाचे-पुतणे ओढून ओढून थकले होते. कुणीतरी डॉक्टरला इंजेक्शन घेऊन बोलावलं होतं.

"तुम्हीच शिकवलंय," भाऊसाहेब म्हणाले. आता तेही फार म्हातारे झाले होते. "तुम्हीच सोडवा."

ती पकड सोडवायच्या तीन तऱ्हा मला येतात. तिन्हींत बोटं नाहीतर मनगट दुखावतं. मी सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं आणि माझे दुखरे गुडघे मोडून नंदूसमोर बसले. त्याच्या दंडावर मी दोनदा थापटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सोडलं नाही. त्याचं बरोबर होतं. त्यानं मला कुठे धरलं होतं?

मग मी साळवींचा उजवा हात हातात घेतला. गार आणि जड झाला होता. तो उचलून मी नंदूच्या मनगटावर टेकवला. एकदा. आणि पुन्हा एकदा.

नंदूनं सोडलं. एक आकडा मोजायलाही वेळ मिळाला नाही. सव्वीस वर्षांत माझ्या गादीवर इतक्या लवकर कुणी सोडलेलं मला आठवत नाही.